ती यादी मीच केली होती

“तुम्हाला कळत नव्हतं का?”

मोबाईलवरून कर्ज देणाऱ्या एका कंपनीत मी सव्वादोन वर्षं ॲन्ड्रॉइडचं काम केलं, हे ज्यांना ठाऊक आहे ते सगळे कधी ना कधी हे विचारतातच. कॉलेजात बोलायला गेले की मुलं विचारतात. लग्नात पंगतीला शेजारी बसलेले लांबचे काका विचारतात. कुणी रागाने विचारतं, कुणी माझ्याबद्दल वाईट वाटून. मी आजवर “तेव्हा तेवढं कळत नव्हतं हो” असं म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर खोटं आहे. एकदा नीट सांगते.

कर्ज थकलं की माणसाच्या फोनमधल्या ओळखीच्यांना फोन करून त्याची बदनामी करणाऱ्या त्या ॲपांनी लोकांचे काय हाल केले ते तुम्ही वाचलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही.

मी २०१९ च्या जूनमध्ये रुजू झाले. पहिलंच मोठं काम मिळालं ते परवानगीच्या स्क्रीनचं. ॲप उघडलं की ते फोनमधले सगळे नंबर वाचायची परवानगी मागणार. माणसाने ‘नको’ म्हटलं तर पुढचं पान उघडणार नाही, तोच प्रश्न पुन्हा समोर येणार. ‘नको’ म्हणायची सोय दिसायला होती, पण ती कुठेच जात नव्हती. हे मी लिहिलं, आणि लिहिताना माझा हात अडखळला नाही.

का अडखळला नाही, तेही ऐका. माझ्या वडिलांना ताईच्या फीसाठी पतसंस्थेचं कर्ज हवं होतं. दोन जामीनदार लागायचे, त्यांच्या सह्या, त्यांचे पगाराचे दाखले. एक जामीनदार ऐनवेळी फिरला. वडील सावकाराकडे गेले आणि ते कर्ज आमच्या घरात सहा वर्षं राहिलं. त्यामुळे ‘जामीनदार नको, चकरा नकोत, दहा मिनिटांत पैसे’ हे वाक्य मला जाहिरात वाटलं नाही, न्याय वाटला. ज्याच्या नावावर बँकेत कसलीच नोंद नाही, त्याला बँक दारात उभं करत नाही, हे आजही खरं आहे. त्या बाबतीत मी माझं जुनं म्हणणं अजून सोडलेलं नाही, आणि सोडावं असं कुणी मला पटवूनही दिलेलं नाही.

नंबर कशाला हवेत, असं मी विचारलं होतं. माणूस खरा आहे की बनावट ते ठरवायला, असं सांगण्यात आलं. पटण्यासारखं होतं. पटवूनही घेतलं.

पण २०२० च्या फेब्रुवारीत दुसरं काम आलं, आणि तिथे ‘कळत नव्हतं’ हे उत्तर संपतं. वसुलीच्या लोकांसाठी एक पॅनल, म्हणजे फोन लावताना समोर ठेवायची स्क्रीन, बनत होतं. कर्जदाराचं नाव उघडलं की त्याच्या फोनमधले नंबर दिसणार, पण चारशे नंबरांमधून फोन कुणाला लावायचा? तर जवळची माणसं वर यावीत. त्यासाठी प्रत्येक भाषेतल्या नात्यांच्या शब्दांची यादी हवी होती. टीममध्ये मराठी मी एकटीच होते. म्हणून मराठीची यादी मी केली.

अर्ध्या तासात केली. आई, बाबा, पप्पा, अण्णा, दादा, ताई, आक्का, मामा, मावशी, आत्या, काका, वहिनी, दाजी, सासरे. प्रत्येकाची इंग्रजी स्पेलिंगं, लोक जशी वाकडीतिकडी लिहितात तशी. मग मला आठवलं की आमच्या सोलापूरकडे सोयरीक जुळलेल्या घरचा नंबर ‘पाहुणे’ म्हणून ठेवतात. म्हणजे गावाचं नाव आणि पुढे पाहुणे. तो शब्द कुणी मागितला नव्हता. मी आपणहून घातला. मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालं, भाषेची जाण असलेलं माणूस टीममध्ये असण्याचा हा फायदा, असं कुणीतरी म्हणालं, आणि मला बरं वाटलं. यादी कशासाठी आहे ते कामाच्या वर्णनातच लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं.

माझा आतेभाऊ पंढरपूरला असतो. महाद्वाराजवळ कुंकू, बुक्का, तुळशीच्या माळा यांचं छोटं दुकान. १७ मार्च २०२० ला देऊळ बंद झालं. आषाढीसाठी त्याने नेहमीसारखा माल भरून ठेवला होता. त्या वर्षी १ जुलैला एकादशी आली ती संचारबंदीत. पालख्या एसटीने आल्या, वारी आलीच नाही. ज्याचं वर्षाचं पोट त्या पंधरवड्यावर असतं त्याचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. सप्टेंबरात त्याने फोनवरून पाच हजार घेतले. हातात पडले ३,९०० आणि पंधरा दिवसांनी फेडायचे पाच हजार. हिशेब करून बघा, वर्षाच्या दराने ते साडेसहाशे टक्क्यांच्या वर जातं. ते फेडायला दुसरं ॲप, त्यासाठी तिसरं. तिसरं आमचं होतं. त्याला माहीत नव्हतं. मी कुठे काम करते ते घरी कुणालाच धड माहीत नव्हतं, ‘पुण्यात कॉम्प्युटरवर’ एवढंच.

ऑक्टोबरातला रविवार होता. रात्रीचे सव्वानऊ. मी भाकरी थापत होते, फोन नवऱ्याने उचलून माझ्या कानाला लावला. एक मुलगा बोलत होता, मराठीच, लातूर-नांदेडकडचा वाटला. म्हणाला, “मॅडम, अमुक अमुक यांनी तुमचा नंबर रेफरन्स म्हणून दिलाय. पैसे घेऊन ते फोन उचलत नाहीत. तुम्ही बहीण ना त्यांची? मग भरा की.”

ते वाक्य मला पाठ होतं. पॅनलची चाचणी घेताना बोलायचा मजकूर मी स्वतः त्या चौकटीत चिकटवला होता. भावाने माझा नंबर रेफरन्स म्हणून दिलेला नव्हता, तशी जागाच ॲपमध्ये नव्हती. माझा नंबर त्याच्या फोनमध्ये ‘ताई पुणे’ म्हणून होता. ताई हा शब्द माझ्या यादीतला सहावा.

मी कोण आहे ते त्या मुलाला सांगितलं नाही. “बघते” म्हणाले आणि ठेवला. तव्यावरची भाकरी जळून गेली होती.

आत्याला फोन लावला तर ती रडत होती. दुपारीच एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला होता. त्यात ॲपने ओळख पटवायला काढलेला भावाचा फोटो, खाली पॅनकार्ड आणि ‘चोर’ एवढा एक शब्द. ग्रुपमध्ये एकतीस जण. बुक्क्याचा होलसेलवाला, शेजारचे दुकानदार, आत्याच्या भजनी मंडळातल्या दोघी. आणि मंगळवेढ्याचे पाहुणे. भावाची बोलणी झाली होती, दिवाळीनंतर साखरपुडा ठरत होता. संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. वाईट काही बोलले नाहीत, असं आत्या पुन्हा पुन्हा सांगत होती. “आमचं मन होईना आता,” एवढंच म्हणाले. भाऊ दुपारपासून घरी नव्हता.

त्या रात्री तो चंद्रभागेच्या वाळवंटात बसून होता, हे आम्हाला पहाटे कळलं. पहाटेपर्यंत काहीच कळलं नव्हतं. त्या सहा-सात तासांबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

तेवढ्या वेळात मी काय करत होते? लॅपटॉप उघडून बसले होते. डेटाबेसमध्ये शिरण्याचा अधिकार मला होता, तो अशा कामासाठी नव्हता. भावाच्या नावापुढे ३८६ ओळी होत्या. त्याने माणसांना दिलेली नावं एकाखाली एक. ‘आई’. ‘दाजी मोहोळ’. ‘वायरमन’. ‘बुक्का होलसेल’. ‘मंगळवेढा पाहुणे’. माणसाने स्वतःच्या सोयीसाठी मनाशी ठेवलेली नावं परक्याने वाचायची नसतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं. सात-आठ महिने मी अशाच ओळींवर काम करत होते आणि त्या मला ओळीच वाटत होत्या.

मी त्या ३८६ ओळी पुसल्या. फक्त त्याच्या.

यावर मी स्वतःशी अजून भांडते. त्या टेबलात लाखो माणसांच्या ओळी होत्या. सगळंच पुसायला हवं होतं, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, तो गुन्हा ठरला असता आणि दुसऱ्या दिवशी बॅकअपमधून सगळं परत आलं असतं. हे दोन्ही खरं आहे, पण त्या रात्री मी यातला कुठलाच विचार केला नव्हता. मला फक्त माझा भाऊ दिसत होता. आणि उपयोग तरी काय झाला? त्याच्या नंबरांची यादी आठवड्याभरापूर्वीच एक्सेलमध्ये उतरवून वसुलीच्या एजन्सीला गेली होती. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्या हातात निदान जाळायला कागद होता.

पैसे मी भरले. आमच्याच कंपनीचे पैसे, कंपनीनेच दिलेल्या पगारातून.

आता पुढचं सांगायचं माझ्या जिवावर येतं. यानंतर मी अकरा महिने तिथेच काम केलं. नवऱ्याचा पगार तीस टक्के कापला गेला होता, फ्लॅटचे हप्ते चालू होते. हे कारण खरं आहे आणि पुरेसं नाही. नात्यांच्या शब्दांची ती यादी काढून टाका, असं मी एकदा लेखी सुचवलं. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा सुचवलं नाही. २०२१ च्या सप्टेंबरात सोडलं.

“मग सरकार काय करत होतं?” हा पुढचा प्रश्न असतो. तो विचारताना लोक मला सोडवायला बघतात, असं वाटतं. मी त्यामागे लपणार नाही, पण माझा राग सांगते. रिझर्व्ह बँकेने २४ जून २०२० ला परिपत्रक काढलं. ॲपच्या मागे कुठली बँक किंवा वित्तसंस्था आहे ते कर्जदाराला सांगा, असं त्यात होतं. आम्ही एक ओळ वाढवली आणि काम झालं. फोनमधल्या नंबरांना हात लावू नका, असा स्पष्ट नियम आला तो २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत. मधल्या काळात हैदराबादेत धरपकड झाली, आत्महत्या झाल्या, रिझर्व्ह बँकेचा कार्यगट बसला. २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांतच त्याला साधारण ११०० कर्जाची ॲपं दिसली, त्यातली ६०० बेकायदा. आमचं त्या सहाशेत नव्हतं. आमच्यामागे नोंदणी असलेली वित्तसंस्था होती, वकील होते, सगळं रीतसर होतं. म्हणूनच मी बेकायदा ॲपांवर सगळा दोष टाकणाऱ्यांशी भांडते. माझी यादी कायदेशीर कंपनीत तयार झाली.

गूगलने २०१९ च्या सुरुवातीला एसएमएस आणि कॉलची नोंद वाचण्यावर निर्बंध आणले. साठ दिवसांच्या आत फेडायचं कर्ज देणारी ॲपं चालणार नाहीत, असंही त्याच वर्षी ठरवलं. म्हणजे कर्जाची ॲपं काय चीज आहेत याचा अंदाज त्यांना होता. तरी नंबरांची परवानगी कर्जाच्या ॲपांना बंद झाली ३१ मे २०२३ पासून. आणि आपल्याकडे गावातल्या सावकाराला २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो, कर्जदाराला छळलं तर गुन्हा होतो. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. त्यामागचा कायद्याचा तर्क मी समजून घेतलाय. पण माझ्या वडिलांचा सावकार ओट्यावर येऊन बसायचा तेव्हा निदान वडिलांच्याच ओट्यावर बसायचा. पतसंस्था जामीनदाराची सही घ्यायची. आम्ही एका माणसाच्या ३८६ ओळखींना न विचारता जामीनदार करून टाकलं.

भावाला मी दोन वर्षं काही सांगितलं नाही. २०२२ च्या कार्तिकीला गेले तेव्हा दुकानातच सांगितलं, गिऱ्हाईक नसताना. तो माळांना गाठी मारत होता. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पाहुणे हा शब्द पण तूच टाकलेलास, ताई?”

“हो.”

त्याने हातातली माळ पुरी केली, खुंटीला लावली आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली. त्यानंतर आजपर्यंत आम्ही त्यावर बोललेलो नाही. त्याने मला माफ केलंय की विषय नको म्हणून सोडून दिलाय, हे मी ओळखू शकलेले नाही.

निघताना माझ्या फोनचं चार्जिंग संपलं होतं. आत्याला ‘निघाले’ म्हणून कळवायचं होतं, म्हणून त्याचा फोन घेतला. ‘आई’ शोधलं, सापडलं नाही. आत्याचं नाव टाकून बघितलं, तेही नाही.

“पाण्याची मोटर बघ,” तो म्हणाला. “त्या नावाने आहे.”