गोल्ड कार्डाचं आज चीज झालं
सुट्ट्यांची गर्दी, चेक-इनची रांग पार दारापर्यंत. आईचे गुडघे दुखत होते, त्यामुळे आज स्टार अलायन्स (विमान कंपन्यांचा एक गट) गोल्ड कार्डाचं, म्हणजे त्यांच्या विमानांनी वारंवार फिरणाऱ्यांना मिळणाऱ्या कार्डाचं, खरंच चीज झालं. प्रायॉरिटी काउंटरवर बॅगा पटकन गेल्या.

मधल्या थांब्यावर लाउंज. गोल्डवर सोबत एकच पाहुणा नेता येतो, तोही अलायन्सच्याच विमानाने जाणारा हवा. मी आईला नेलं. तिने गरम पाण्याने तोंड धुतलं, पाय लांब केले आणि चक्क गाढ झोपली. प्रवासात ती कधीच झोपत नाही हो!

तिकीट इकॉनॉमीचंच होतं, हे सगळं मिळालं ते कार्डामुळे. म्हणून सांगतेय, बुकिंग करतानाच मेंबरशिप नंबर टाका आणि बोर्डिंग पासवर 'गोल्ड' छापलंय का ते तिथल्या तिथे बघून घ्या.