काळा किती प्लेटांवर?

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. एका पतसंस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका संध्याकाळी छपाईला जायची होती. पानं स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावलीत, पीडीएफ पाठवते, असं प्रेसवाल्यांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, कोरलची ओपन फाइल द्या, आम्हाला दुरुस्त करता येईल अशी. या फुकटच्या सॉफ्टवेअरमधला काळा चार प्लेटांवर येतो. प्लेटांचं रजिस्ट्रेशन, म्हणजे जुळणी, जरा हललं की बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात, आणि शिव्या आम्ही खातो."

रंगीत छपाईत निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया, प्रत्येकीची वेगळी प्लेट; बारीक अक्षरं एकट्या काळ्या प्लेटवर हवीत. पण स्क्रायबसबद्दल हे बरोबर नव्हतं. त्यात सीएमवायके, म्हणजे या चार शाईंचे रंग आहेत, छपाईसाठीची पीडीएफ एक्स-३ सुद्धा निघते. मराठीपुरती खरी अडचण जोडाक्षरांची होती, २०१७च्या १.५.३ आवृत्तीत अक्षरं नीट जोडणारं हार्फबझ आलं आणि ती सुटली. आतला मजकूर मी यशोमुद्रा फॉन्टात लावला होता. राज्य मराठी विकास संस्थेचा हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, 'दुसऱ्या'तला ऱ्या त्यात झकास दिसतो.

पण जाहिराती इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या होत्या, आणि तिथे सगळं काम आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत. तो काळा छपाईच्या रंगांत बदलताना चार शाईंचं मिश्रण होतो. म्हणून पीडीएफ काढायच्या आधी प्रिंट प्रिव्ह्यू उघडला आणि काळ्या शाईची खूण काढली. लेखांची पानं कोरी झाली, तसंच व्हायला हवं. जाहिरातींतले पत्ते आणि फोन नंबर मात्र मळकट तपकिरी होऊन जागच्या जागी उभे!

उपाय सोपा निघाला. स्क्रायबसच्या रंगांच्या यादीत इंकस्केपच्या एसव्हीजी फायलींबरोबर आलेला काळा वेगळ्या नावानं बसला होता. तो काढून टाकला आणि त्याच्या जागी कुठला रंग हवा, असं विचारल्यावर स्क्रायबसचा स्वतःचा काळा दिला. सगळ्या जाहिराती एकदम सुधारल्या. पुन्हा तीच तपासणी केली, पत्तेही गायब. त्या दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट पीडीएफसोबत पाठवले.

"काळा एकाच प्लेटवर आहे," प्रेसवाले म्हणाले. "पण आयत्या वेळी दुरुस्ती आली तर? माझ्याकडे हे उघडणार नाही."

"फोन करा, तेवढंच पान नव्यानं देते."

आठ वाजता फोन आलाच. अध्यक्षांच्या नावाआधी 'मा.' राहिलं होतं.