चिऱ्याचा ठसा

दगडापासून रंग करून कापडावर दगडाचाच ठसा घ्यायचा, तर काळा कातळ कुटला की काळा रंग मिळेल, हा पहिला गैरसमज. सह्याद्रीचा बेसॉल्ट खलात घाला. हाती येते ती राखाडी भुकटी, कापडावर धुळीच्या डागासारखी दिसणारी. रंग हवा तर हाच कातळ सडलेला हवा. कोकणात लाखो वर्षांच्या पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, त्याचा झाला जांभा.

चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे ठोकळे, तासताना पडणारा भुगा पुरे. मूठभर भुगा बादलीत ढवळायचा, अर्धा मिनिट थांबून वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. वाळू तळाला राहते. लाल पाणी रात्रभर निवळलं की खाली बसलेला गाळ हा रंग. कंटाळा करून नुसता चाळून घेतला तर वाळू ठशात खरखरते आणि पहिल्या धुण्यात गळते. पिवळट तुकडे वेगळे कुटावेत. लोखंडी तव्यावर भाजलं की त्यांच्यात अडकलेलं पाणी उडतं आणि पिवळा डोळ्यांदेखत विटकरी होतो. (तो तवा पुन्हा भाकरीला नको.)

हा रंग पाण्यात विरघळत नाही, धाग्यात शिरत नाही, नुसता वर बसतो. त्याला धरून ठेवतं सोयाबीनचं दूध. वाटीभर भिजवलेलं सोयाबीन सहा वाट्या पाण्यात वाटून गाळायचं. सुती कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढलेलं असावं. मग दुधात बुडवून वाळवायचं, दोनदा. रंग कालवायलाही हेच दूध, ताजंच. पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत ते नासतं, आणि तो वास कापडातून सहजी जात नाही.

शिलालेखाचा ठसा घेतात तसाच चिऱ्याचा घ्यावा. ओलसर, पातळ मलमल दगडावर पसरून ताठ ब्रशनं छिद्रांत ठोकून बसवायची, मग रंगात बुडवलेली कापसाची पोटली वरून हलकेच टेकवायची. उंचवटे लाल, छिद्रं पांढरी. रंग ताकासारखा पातळ असेल तर खाली उतरतो आणि सगळंच लाल होतं. दह्याइतका दाट हवा. ठसा दोन-तीन आठवडे पाण्याला लागू देऊ नये.

हिरड्याच्या तुरट द्रव्याला लोह भेटलं की काळा रंग होतो. जांभ्यात एवढं लोह, मग तो हिरड्यावर काळा का होत नाही? कारण ते लोह गंजाच्या रूपात बांधलेलं. काळ्यासाठी विरघळलेलं लोह लागतं. शंभर ग्रॅम कापड वीस ग्रॅम हिरडापुडीच्या पाण्यात तासभर भिजवून, न धुता उन्हात वाळवायचं. पाव लिटर चिंचोक्याच्या खळीत पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे पाण्यात विरघळणारा लोहाचा क्षार. आता या खळीची पोटली टेकताक्षणी कापड काळं पडतं. बेसॉल्टनं नाकारलेला काळा इथे मिळतो. अर्ध्या तासानं भरपूर पाण्यात खळबळून काढावं, नाहीतर सुटं लोह कोऱ्या छिद्रांवरही करडं पसरतं.

आणखी गडद हवा म्हणून हिराकसाचं प्रमाण वाढवण्याचा मोह मात्र महागात पडतो. जादा लोह सुताला कुजवतं. काही वर्षांनी काळा भाग झडू लागतो आणि शाबूत राहतात ती छिद्रं.