वाऱ्यातली नावं

किनाऱ्यावरच्या खडकांची नावं टिपायला केलेलं गेल्या शनिवारचं तीन तासांचं रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं, तर त्यात नुसता वारा. माइकला लोकरी टोपरं घालायला मी विसरले होते. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर असं करणं म्हणजे जुलैत कोकणात छत्रीशिवाय हिंडणं.

म्हणून या वेळी तिथल्याच एका आजोबांच्या स्वयंपाकघरातच बसलो. वय 82, सगळा जन्म बोटीवर गेलेला. टेबलावर मोठा नकाशा, चहा, बिस्किटं. खडकांची गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतली, नावं सांगा म्हटलं. चार सांगितली आणि अडले. परत पहिल्यापासून सुरुवात, परत तिथेच अडले. पाढा मध्येच विसरलेलं पोर कसं करतं, तसं. शेवटी वैतागून उठले, बूट चढवले आणि "चल" म्हणाले.

कड्याच्या कडेने चालायला लागलो आणि नावं एकामागून एक येऊ लागली. पायांना पाठ होती! पाऊण तासात 31.

'स्केर' म्हणजे पाण्याबाहेर डोकं काढलेला खडक, 'क्यो' म्हणजे समुद्राने आत कापलेली अरुंद घळ, 'रुअ' म्हणजे भूशिर. यातले पहिले दोन शब्द मुळात नॉर्स. इथे आधी व्हायकिंग राहून गेले, त्यांची भाषा संपली, पण खडकांवर चिकटून राहिली. 'स्केर नन रोन' हा सीलांचा खडक. आम्ही गेलो तेव्हा एकही सील नव्हता, हे सांगायला हवं.

1850च्या सुमारास इथे सरकारी मोजणी झाली. नावं सांगणारे गेलिक, नकाशा इंग्रजांचा. पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे: शीवचं सायन झालं आणि त्यातली वेस गेली. मी मात्र वहीत देवनागरीत लिहिते. गेलिकमध्ये 'जी' लिहितात पण उच्चार बहुतेक 'क'कडे झुकतो, शब्दारंभी 'सी' असेल तर चक्क 'ख'. 'क' आणि 'ख' वेगळे लिहायची सोय आपल्याकडे आयती आहे. 'क्रेग' नव्हे, 'ख्रेक', म्हणजे कडा. वही बघून आजोबा म्हणाले, "ही अक्षरं वाळत घातल्यासारखी दिसतात."

ही नावं हौसेची नव्हेत. 1 जानेवारी 1919च्या पहाटे, महायुद्धावरून घरी परतणाऱ्या नौसैनिकांची 'आयोलेअर' बोट स्टोर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकांवर आदळली. 200हून जास्त माणसं गेली, गाव दिसत असताना. आजोबा त्याबद्दल एकच वाक्य बोलले आणि पुढे चालू लागले.

शेवटचं नाव राहिलं होतं, एका 'पो-अ'चं. पो-अ म्हणजे पाण्याखालचा खडक, एरवी दिसत नाही. आजोबांनी काठी रोखली. मला सपाट पाणी दिसत होतं, नकाशावरही निळंच.

"थांब जरा."

सहा लाटा गेल्या. सातवी तिथेच फुटली, पांढरीशुभ्र. मी घाईघाईने टिंब मारलं.