दादाच्या भुलीचा कागद मिळवताना

गेल्या हिवाळ्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, तिसऱ्या दिवशी नंदगडला घरी आले. पण त्याआधी एका कागदासाठी अकरा दिवस गेले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

भूलतज्ज्ञ मॅडमनी तपासताना विचारलं, “घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय?” मी दादाचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बेळगावात रातोरात त्याचं अपेंडिक्स काढलं. ऑपरेशन पाऊण तासाचं, पण नंतर चार तास तो श्वासाच्या मशीनवर. बाहेर आम्हाला एवढंच कळलं, “भूल उतरायला वेळ लागतोय.” दादा नंतर म्हणायचा, “डॉक्टर बोलत होते ते ऐकू येत होतं गं, पण पापणीसुद्धा हलेना.” भास झाला असेल म्हणून आम्हीच त्याला गप्प केलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. झोपेचं औषध वेगळं आणि स्नायू सैल करणारं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. दुसरं औषध नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच अडवतं. श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून नळी घालावी लागते. त्यातलं स्कोलीन मिनिटभरात लागू पडतं, म्हणून पोट रिकामं नसताना तातडीच्या वेळी तेच देतात. रक्तातलं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम पाच-दहा मिनिटांत ते संपवून टाकतं. काहींच्यात जन्मापासून ते एन्झाइम नीट काम करत नाही, मग माणूस तासन्‌तास तसाच पडून राहतो. भावात दोष असेल तर सख्ख्या बहिणीत असण्याची शक्यता चारात एक. “पण त्यांना नेमकं काय दिलं होतं? तो कागद आणा.”

दादाच्या डिस्चार्ज कार्डावर होतं ‘जनरल अनेस्थेशिया, शस्त्रक्रिया सुरळीत’. चार तासांचा एक शब्द नाही.

त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी मी पहिल्यांदा एकटीच गेले. “पेशंट स्वतः पाहिजे.” दुसऱ्यांदा दादा मळणी सोडून आला. फॉर्म कन्नडमध्ये, रांगेतल्या एका मुलाने भरून दिला. खिडकीतून उत्तर आलं, “नाळे बर्री, अक्का.” उद्या या. दुसऱ्या दिवशी फाइल विम्याच्या विभागात गेलेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार. नंदगडहून खानापूर, खानापूरहून बेळगावचं सीबीटी बसस्टँड, तिथून रिक्षा, पोटात कळ येत असताना! आणि मागत काय होते, तर माझ्याच भावाच्या अंगात काय घातलं ते.

शेवटी रांगेतल्या एका नर्सबाईंनी हळूच सांगितलं, तोंडी मागू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मी साधा अर्ज लिहिला, दादाची सही घेतली, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मागितली. शिक्का मारताना त्या माणसाने पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी फाइल मिळाली.

एकच पान. वर वेळेचे चौकोन, खाली रक्तदाबाच्या बाणासारख्या खुणा, आणि डाव्या कडेला घाईच्या अक्षरात ‘स्कोलीन १०० मिग्रॅ’. पुढे तीन ठिकाणी ‘श्वास नाही’. मी तिथेच बाकावर बसून रडले. दादाने फक्त पानावर बोट ठेवलं, “बघ, म्हणालो नव्हतो?”

आमच्या दोघांचीही कोलिनएस्टरेजची पातळी कमी निघाली. रक्ताची ही तपासणी आपल्याकडच्या लॅबना नवी नाही, कीटकनाशकाच्या विषबाधेतही तीच करतात. मला मॅडमनी अ‍ॅट्राक्युरियम हे स्नायू सैल करणारं दुसरं औषध दिलं, ते उतरायला हे एन्झाइम लागत नाही.

हो, एक राहिलंच: असे कागद तीन वर्षं सांभाळायचं बंधन आहे, पुढची खात्री नाही. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच भुलीच्या तक्त्याची प्रत मागून घ्या. अर्जासोबत पेशंटच्या आधारची झेरॉक्स ठेवा, नाहीतर आणखी एक फेरी. आणि शुद्धीवर आलेला माणूस काही सांगत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

धाकटी निपाणीला असते. तिची तपासणी राहिली आहे, त्या पानाचा फोटो तिला पाठवला आहे.