फॉर्मवरचं शून्य

विम्याच्या फॉर्मवर 'वार्षिक उत्पन्न'पुढे शून्य लिहिलं आणि हात थांबला. आठ वर्षं सीएच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या वह्या जुळवल्या. आता तीन वर्षांच्या पोरामागे दिवसभर धावते, ते कुठल्या खात्यात टाकायचं?

मग हिशेबालाच बसले. सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासात मांडतात. मीही दुधाच्या वहीत ४८ रकाने आखले. पहिल्याच सकाळी गोची. साडेआठला मी पोळ्या लाटतेय, पोरगं पायाशी कणकेचे साप वळतंय, मध्येच परातीत पाणी ओततंय. हा अर्धा तास स्वयंपाकाचा की त्याचा?

न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, झोपवणं एवढंच धरलं तर दिवसाचे साडेचार तास भरले. नजर ठेवणंही धरलं तर अकरा. २०१९च्या सर्वेक्षणात घरच्यांची बिनपगारी देखभाल करणाऱ्या बायकांची सरासरी १३४ मिनिटं होती, पुरुषांची ७६. मी फुगवून तर लिहीत नाही ना, असं वाटलं. पण त्यात शाळकरी पोरांच्या आयाही आल्या.

आता दर. आमच्या रामबागेत मूल सांभाळणारी बाई आठ तासांचे महिना दहा हजार मागते, रविवार सुट्टी. म्हणजे तासाला ४८ रुपये. माझ्या कामाला रविवार नाही, तेव्हा तीस दिवसांनी गुणलं: एका हिशेबाने साडेसहा हजार, दुसऱ्याने जवळजवळ सोळा. सोडलेला पगार धरावा तर चोवीस! पण त्या पद्धतीत नोकरी सोडलेल्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या पोराला घातलेली आंघोळ माझ्यापेक्षा महाग पडते, म्हणून ती बाद केली. सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३ हजार धरलं होतं, तेही आगीत गेलेल्या बायकांच्या भरपाईसाठी. मेल्यावर तरी आकडा लागतो.

एजंटने वही पाहिलीसुद्धा नाही. "मॅडम, ये सब रहने दो, भाईसाहब की इनकम पे हो जाएगा." शून्य तसंच गेलं.

वही वाचली ती सासूबाईंनी, चष्मा लावून. "तीन ते पाच रिकामं का गं?"

"तेव्हा मी जरा आडवी होते, आई. तो तुमच्याकडे असतो."

"मग लिही की."

मी त्यांच्या नावाचा रकाना आखला. दराचं विचारलं तर म्हणाल्या, "त्या बाईचा नको लावूस. ती गोष्टी सांगत नाही."