डेकखालचं बिऱ्हाड

मेच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या. चौथ्या की पाचव्या रात्री दीडच्या सुमाराला त्यांनी आमचं दार वाजवलं. "अगं, ऊठ. गॅस गळतोय कुठंतरी."

आम्ही दोघं धडपडत खाली गेलो. शेगडी बंद, बटणं जागच्या जागी. पण वास होता, आणि तो मागच्या अंगणाकडच्या खिडकीतून येत होता. जळका रबर, कुजलेला लसूण आणि उघडा राहिलेला हिंगाचा डबा, असं काहीतरी मिळून. अमेरिकेत पंधरा वर्षं काढल्यामुळे मला तो ओळखता आला. स्कंक! आईंच्या नाकाचीही चूक नव्हती. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात जे वासाचं द्रव्य मिसळतात, ते आणि स्कंकच्या फवाऱ्यातली द्रव्यं एकाच कुळातली, गंधकाची. त्यामुळे असा वास आला की आधी शेगडी तपासायची, मग स्कंकला बोल लावायचा.

आपल्याकडे हा प्राणी नाहीच, म्हणून त्याला मराठी नावही नाही. आईंना मी सांगितलं, मांजराएवढा, काळाभोर, डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन पांढरे पट्टे, शेपूट झुबकेदार. त्या म्हणाल्या, "म्हणजे चिचुंद्रीची मोठी बहीण." नात्यानं चिचुंद्री फार लांबची, पण वासानं ओळख पटायला ही उपमा पुरेशी आहे.

तो वास रस्त्यावरून आला असेल असं आम्ही धरून चाललो. खरं तर अंगण महिनाभर आम्हाला काहीतरी सांगत होतं. एप्रिलपासून लॉनमध्ये रोज सकाळी नवे खड्डे दिसायचे. लहान, गोल, वर रुंद आणि खाली निमुळते, जणू कुणी बोटानं माती टोकरली आहे. मी खारींना दोष देत होते. डेकच्या, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याच्या, पायरीशेजारी लाकडाखाली मूठभर माती बाहेर आलेली होती, तिच्याकडे तर लक्षच गेलं नाही.

मग मोतीची रात्र उजाडली. मोती म्हणजे आमचा कुत्रा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहा वाजता नेहमीसारखं त्याला मागच्या दारानं सोडलं. स्वयंपाकघराच्या काचेतून मला दिसलं, पायरीपासून सहा-सात फुटांवर स्कंक उभा होता. तो पळाला नाही, अंगावरही आला नाही. पुढचे दोन्ही पाय त्यानं जमिनीवर आपटले, थप थप थप. जरा मागे सरकला, पुन्हा आपटले. शेपूट ताठ वर गेली. स्कंकची ही भाषा आहे. तो आधी बजावतो, फुसफुसतो आणि समोरचा ऐकतच नाही म्हटल्यावर अंग इंग्रजी यू अक्षरासारखं वळवून तोंड आणि पार्श्वभाग दोन्ही शत्रूकडे करतो. फवारा हा त्याचा शेवटचा उपाय. पिशवीत पाच-सहा फवाऱ्यांपुरताच साठा असतो आणि तो पुन्हा भरायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तो उगाच खर्च करत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी दार उघडून "मोती!" असं जोरात ओरडले. त्या आवाजानं मोतीला चेव आला आणि त्यानं झेप घेतली.

दहा फुटांपर्यंत नेम अचूक असतो म्हणतात. मोती चार फुटांवर होता. तोंडावर, कपाळावर पिवळसर तेलकट थेंब. तो डोळे मिटून, नाक गवतावर घासत, कण्हत माझ्याकडे धावला आणि मी त्याला घरात घेतलं. हे मुळीच करू नये. इतक्या जवळून तो वास वाससुद्धा वाटत नाही. डोळे चुरचुरतात, घशाशी येतं. गालिचा, सोफ्याची कड, माझी ओढणी, सगळ्याला लागलं.

इथं सगळे सांगतात, टोमॅटोच्या रसानं धू. मी पावभाजीसाठी आणलेले प्युरीचे डबे फोडले आणि पंधरा मिनिटांनी खरंच वास गेल्यासारखं वाटलं. तेवढ्यात लेक वरून खाली आली आणि जिन्यातच ओकारी आली तिला. वास गेलेला नव्हता, आमचं नाक थकलं होतं. टोमॅटोनं एवढंच होतं.

प्राण्यांच्या दवाखान्याच्या रात्रीच्या फोनवर जो उपाय सांगितला तो 1993 साली पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं लोकांपुढे आणला. तो इथं नीट लिहिते, कारण रात्री अकरा वाजता शोधत बसायला वेळ नसतो. 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट, म्हणजे साधारण 950 मिली. खाण्याचा सोडा पाव कप. भांड्याचा पातळ साबण एक चमचा. उघड्या बादलीत कालवायचं, फसफसत असतानाच कोरड्या केसांत मुळापर्यंत चोळायचं, पाचेक मिनिटं ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. उरलेलं बाटलीत भरून ठेवायचं नाही, वायू कोंडून बाटली फुटते. साबण तेल सोडवतो आणि पेरॉक्साइड त्या गंधकाच्या द्रव्याचं रूपच बदलून टाकतं, त्यामुळे वास झाकला न जाता मोडतो. दोन वेळा धुतल्यावर मोतीला कुशीत घेता आलं. तरी पुढे पंधरा दिवस पावसात भिजला की कपाळाशी हलका वास यायचा. फवाऱ्यातल्या काही द्रव्यांना स्वतःचा फारसा घाण वास नसतो, पण पाणी लागलं की ती हळूहळू उग्र द्रव्यात बदलतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मोतीचं अंग बोटांनी चाचपून पाहिलं. चावा किंवा ओरखडा नव्हता, पण रेबीजची लस वेळेवर आहे ना, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. अमेरिकेत स्कंक हा रेबीज पसरवणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे, ते हलक्यात घ्यायचं नसतं.

आता डेकखाली खरंच कुणी राहतंय का, ते पाहायचं होतं. इथं बिळाच्या तोंडाशी मैदा भुरभुरवून ठसे पाहतात. आई म्हणाल्या, "अन्न कशाला मातीत घालायचं? माझी रांगोळी आहे की." त्यांनी संध्याकाळी त्या भोकापुढे हातभर जागा सपाट करून चिमटीनं पांढरी रांगोळी पसरली, चाळलेल्या पिठासारखी एकसारखी. सकाळी आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून पाहत होतो. पाच-पाच बोटांचे ठसे, आणि पुढच्या पायांच्या बोटांपुढे अंतर सोडून नखांचे लांब टिंब. मांजराची चारच बोटं उमटतात आणि नखं उमटत नाहीत. ठसे आत जाणारेही होते, बाहेर येणारेही होते. डेकखाली बिऱ्हाड होतं.

एक माणूस आला, प्राणी पकडून नेण्याचा व्यवसाय करणारा. तीन दिवसांत पिंजरा लावून नेतो म्हणाला. मी विचारलं, पिल्लं असली तर? त्यानं खांदे उडवले. मला ते फार लागलं. स्कंकची पिल्लं मे ते जूनच्या सुरुवातीला होतात, साधारण चार ते सात. जन्मतः आंधळी असतात, डोळे उघडायलाच तीनेक आठवडे लागतात. आईला पिंजऱ्यात घालून नेलं की पिल्लं आपल्या पायांखाली, फळ्यांखाली उपाशी मरणार. शिवाय अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रेबीजच्या भीतीमुळे पकडलेला स्कंक दुसरीकडे नेऊन सोडायला मनाई असते, त्यामुळे "नेतो" याचा अर्थ बहुधा मारतो असाच होतो. भोक लगेच बुजवणं तर त्याहून वाईट.

गावाच्या प्राणी-नियंत्रण विभागातल्या बाईंशी फोनवर बोलले. त्यांनी शांतपणे सांगितलं, थांबा. सहा-आठ आठवड्यांची झाली की पिल्लं आईमागून बाहेर पडतात, तेव्हा दार बंद करा. नवऱ्याला ते पटेना. सहा वर्षांची लेक मागे खेळते, तिचं काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता. दोन दिवस घरात यावरून बोलाचाली झाली. शेवटी आई त्याला म्हणाल्या, "अरे, बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का? महिन्याभराचा प्रश्न आहे."

त्या महिन्यात आम्ही पाळलेलं सांगते. अंधार पडल्यावर लेक मागे जाणार नाही. मोती पुढच्या दारानं, पट्ट्यासकट. मागे जायचंच असेल तर आधी दिवा लावायचा, दोन टाळ्या वाजवायच्या आणि क्षणभर थांबायचं, कारण स्कंकची नजर अगदी अधू असते, त्याला आपण अचानक दिसलो तर तो दचकतो. समोर आलाच तर ओरडायचं नाही, धावायचं नाही, सावकाश मागे सरायचं. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेलाच असं नाही, पिल्लांची आई भुकेनं उन्हातही बाहेर पडते. पण झोकांड्या खाणारा, विनाकारण अंगावर येणारा दिसला तर लगेच फोन. पक्ष्यांना दाणे घालायचं भांडं मी काढून टाकलं, खाली सांडलेल्या दाण्यांवरही तो येतो. कचऱ्याचा डबा गॅरेजमध्ये गेला. तळघराच्या खिडकीबाहेरच्या खोलगट हौदात एक खडबडीत फळी तिरकी लावली, कारण स्कंकला चढणं जमत नाही, तो त्यात पडला की अडकतो.

डांबरगोळ्या टाकायचा सल्ला मला पाच जणांनी दिला. त्या टाकू नका. उघड्या मातीत त्या विष आहेत, मुलांनाही आणि मोतीलाही.

खड्ड्यांचं कोडं मात्र आईंनी सोडवलं. एके सकाळी त्यांनी खुरपं घेऊन खड्ड्याशेजारचं गवत उचकटलं. गवत चटईसारखं हातात आलं, मुळं कुरतडलेली. खाली मातीत पांढरी, जाडसर, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, "ही तर हुमणी!"

सांगलीकडे ऊस असलेल्या घरात हुमणी शिकवावी लागत नाही. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे बाभळी-लिंबावर जमतात, रात्री कंदील आणि रॉकेलमिश्रित पाण्याची पाटी लावून ते गोळा करायचे, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. आमच्या लॉनमधली ही अळी त्याच गोतावळ्यातल्या जपानी भुंगेऱ्याची. तो अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो 1916 साली, आमच्याच न्यू जर्सीत, रिव्हर्टनजवळ. स्कंक रोज रात्री येऊन ही हुमणीच वेचून खात होता. महिनाभर मी ज्याला नासधूस म्हणत होते ती खरी या अळीची होती. मला हे त्या दिवशी फार आतून जाणवलं, आणि त्यानंतर डेकखालच्या त्या जिवाचा रागच येईना.

जूनच्या शेवटी, साडेआठच्या संधिप्रकाशात आईंनी खिडकीतून हळूच हाक मारली. डेकखालून ती निघाली, आणि तिच्यामागे एका ओळीत, एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीला लागेल इतकी जवळ, पाच पिल्लं. प्रत्येकाला आईसारखेच पट्टे. लेकीनं तोंडावर हात दाबून धरला होता. कुंपणापर्यंत ओळ मोडली नाही.

मग कामाला लागलो. आधी 811 ला फोन. अमेरिकेत कुठंही खणण्याआधी तो करावा लागतो, पैसे पडत नाहीत. काही दिवसांत माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून गेली, पिवळी गॅसची, लाल विजेची. आमच्या डेकच्या एका कोपऱ्यापासून दीड फुटावर गॅसची नळी होती! नुसती कुदळ घेऊन सुटलो असतो तर काय झालं असतं, ही कल्पनाच नको.

तीन बाजूंनी नवऱ्यानं आणि मी फूटभर खोल चर खणला. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी डेकच्या फळीला पट्ट्या ठोकून बसवली, चरात उतरवली आणि तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवली. हे वळण फार महत्त्वाचं. स्कंक भिंतीलगतच खणतो, खाली जाळी लागली की सोडून देतो. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी चालत नाही. चौथ्या बाजूला, भोकापाशी, वरून बिजागरी असलेली जाळीची झडप लावली, बाहेर ढकलली की उघडते, आत ढकलली की नाही. त्याआधी आठवडाभर दिवसा डेकखाली दिवा ठेवला आणि आईंचं रोजचं कीर्तन छोट्या स्पीकरवर मंद लावलं. माणसाचा आवाज सतत आला की ती जागा तिला सुरक्षित वाटत नाही आणि पिल्लांना घेऊन ती आपणहून जागा बदलते. पिल्लं चालती झाल्यावरच हे करायचं.

झडपेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे आईंनी रांगोळी पसरली. पहिल्या सकाळी बाहेर जाणारे ठसे होते, मोठे आणि लहान, एकात एक मिसळलेले. दुसऱ्या सकाळी आत काही नाही, बाहेर मात्र झडपेपाशी कुणी तरी येऊन परत गेल्याच्या खुणा. त्या पाहून मला पोटात कालवलं, पिल्लू आत राहिलं असलं तर? बॅटरी घेऊन पोटावर झोपून फळ्यांच्या फटीतून इंच न् इंच पाहिलं, कान लावून ऐकलं. काही नव्हतं. तरी आणखी तीन रात्री थांबलो. पाचव्या दिवशी रांगोळी कोरी होती, तेव्हा झडप काढून तिथंही जाळी पुरली.

हुमणीसाठी ऑगस्टच्या शेवटी सूत्रकृमी, म्हणजे अळ्यांना मारणारे बारीक जंत आणले, डोळ्यांना न दिसणारे, पाण्यातून मातीत सोडायचे. तेव्हा अळ्या लहान असतात म्हणून ते लागू पडतात. ऊन त्यांना सोसत नाही, म्हणून संध्याकाळी, आधी माती भिजवून. झारी आईंच्या हातात होती. ऑक्टोबरात त्या सांगलीला परतल्या तेव्हा सबंध लॉनमध्ये मी नऊ खड्डे मोजले. वसंतात दिवसाला तेवढे पडत.

स्कंकचा विणीचा काळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो, आणि माद्या त्यानंतर जागा शोधायला लागतात. म्हणून जानेवारीच्या शेवटी बर्फ वितळलेला एखादा दिवस पाहून मी डेकभोवती फिरते, पायानं जाळीची कड दाबून बघते, पट्टीचा खिळा सैल झाला असेल तर ठोकते. रांगोळीचा डबा मागच्या दाराशी फळीवरच ठेवलेला असतो.